गुरुजींची लाइन

"गुरुजी की लाइन नीचे ही रखना. पूरी नीचे."

साउंडवाला भैया हे अगदी साध्या आवाजात बोलला, चहात साखर कमी टाक म्हणावं तसं. चौबे कॉलनीतल्या एका लग्नाचं रिसेप्शन होतं. मी त्याच्या टेबलामागे प्लास्टिकच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन बसले होते. त्याच्यासमोर मिक्सर होता. त्यावर प्रत्येक वाद्याच्या लाइनची एक सरकपट्टी असते. वर सरकवली की ते वाद्य स्पीकरमधून ऐकू येतं, खाली ओढली की येत नाही. त्याच्या जोडीदाराने एक पट्टी शेवटपर्यंत खाली ओढली आणि कागदी प्लेटमधली भजी खायला घेतली.

स्टेजवर उजव्या कोपऱ्यात, काळ्या जाकिटात, कीबोर्डमागे उभे असलेले गुरुजी म्हणजे माझे पप्पा.

मला वाटलं, काहीतरी तात्पुरतं असेल. गाणं सुरू झालं. पप्पांची बोटं चालत होती, मान डुलत होती, मध्येच ते ढोलकवाल्याकडे पाहून हसत होते. मी त्यांच्या बोटांकडे पाहत त्यांचा आवाज शोधत राहिले. कीबोर्ड ऐकू येत होता, पण तो डाव्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या वादकाचा होता. तो थांबला तेव्हा कीबोर्डही थांबला, आणि पप्पांची बोटं मात्र आणखी चार-पाच सूर पुढे गेली.

गाणं संपल्यावर पप्पांनी गर्दीवरून माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उचलल्या. कसं झालं? मी मान हलवली. छान.

त्या दिवशी मी त्यांच्यासोबत का गेले होते ते आठवत नाही. बहुधा आईने पाठवलं असावं. गेल्या काही महिन्यांत पप्पांना एकटं पाठवायला ती तयार नसायची. स्कूटरला मागून कुणी हॉर्न दिला तर त्यांना कळत नसे.

पप्पा ह्या शहरातले वाजवणारे होते. कलाकार हा शब्द ते स्वतःसाठी वापरत नसत. माझ्या इंग्रजी शाळेत मी वडिलांचा व्यवसाय म्युझिशियन सांगितला, तेव्हा शेजारच्या मुलीने विचारलं, कोणत्या सिनेमात? त्यानंतर मी फक्त "सर्व्हिस" म्हणायची. आमचे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या कारखान्यात आले, आणि पप्पा रेल्वे वस्तीतल्या विहारात पेटी शिकले. जयंतीची गाणी, मग लग्नातली, मग सगळ्यांची. पेटीनंतर बँजो, अकॉर्डियन, कीबोर्ड. सकाळी एका शाळेत प्रार्थनेला पेटी, दुपारी कुणाच्या तरी रेकॉर्डिंगमध्ये बँजो, संध्याकाळी हॉटेलात कीबोर्ड. नवरात्रात नऊ दिवस जसगीतं, देवीच्या स्तुतीची गाणी. त्यावरून वस्तीतले काही जण टोमणे मारत.

"विहारात शिकले अन् देवीपुढे वाजवून राहिले, काय भाऊ?"

"पेटी माझी आहे," पप्पा म्हणत. "गाणं त्यांचं."

ते एवढंच बोलत आणि पेटीची दोरी खांद्याला लावून निघत. मला ते उत्तर आवडायचं. मी स्वतः कुणाला काही उत्तर देऊ शकत नसे. घरात आई-पप्पा आपल्या नागपुरी वळणाच्या मराठीत बोलत, आणि मी हिंदीत उत्तर देई, तेही हळू. मराठी मला सगळी कळायची. बोलताना मात्र वाटायचं की मी दुसऱ्याचे कपडे घातले आहेत.

मी प्राथमिक शाळेत असताना छत्तीसगढ वेगळं राज्य झालं आणि आमचं शहर त्याची राजधानी झालं. जुन्या इमारतींवर नवे बोर्ड लागले, रस्ते खोदले गेले ते पुष्कळ दिवस बुजले नाहीत. पप्पांना मात्र ती वर्षं चांगली गेली. प्रत्येक भूमिपूजनाला स्वागतगीत लागे, प्रत्येक स्वागतगीताला पेटीवाला. छत्तीसगढी गाण्यांच्या सीडी निघू लागल्या होत्या. ब्राह्मणपाऱ्यात जुन्या घरांच्या माडीवर, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून स्टुडिओ उघडले होते. एकदा मी पप्पांचा डबा घेऊन तिथे गेले. खोलीत पंखा बंद, कारण त्याचा आवाज रेकॉर्ड होतो. पप्पा बनियनवर, घामाने निथळत, एकाच गाण्यात आधी बँजो, मग पेटी, मग अकॉर्डियन वाजवत होते. गायिका म्हणाली, माझी पट्टी आज थोडी खाली घ्या. पप्पांनी विचारलंही नाही किती. तिचं नुसतं गुणगुणणं ऐकून बोटं बरोबर जागी ठेवली.

तेव्हा कीबोर्डवर पट्टी बदलण्याचं बटन नुकतंच आलं होतं. ट्रान्सपोज. ते दाबलं की अख्खा कीबोर्ड वर किंवा खाली सरकतो, वाजवणाऱ्याला बोटांची जागा बदलावी लागत नाही. पप्पा त्या बटनाला हात लावत नसत. "ते बटन बोटं नसलेल्यायसाठी आहे," म्हणत.

मग स्टुडिओत कॉम्प्युटर आला. बँजो, पेटी, बासरी सगळं त्यातच निघायला लागलं आणि एक माणूस पुरेसा झाला. पप्पांना बोलावणं कमी होत गेलं. कुणी भांडलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. फोन येईनासे झाले.

राहिलं ते धुमाल. आमच्याकडे राहणाऱ्याला सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. एका मोठ्या गाडीवर माणसाच्या उंचीपेक्षा उंच स्पीकर रचतात, मागे जनरेटर, पुढे ढोल आणि ताशे, आणि गाडीवरच, स्पीकरला पाठ लावून, बँजो नाहीतर कीबोर्ड वाजवणारा बसतो. लग्न, गणपती, दुर्गा, जयंती, नेत्याचा वाढदिवस, सगळ्याला धुमाल. गणपतीच्या झांकी, म्हणजे देखाव्यांच्या गाड्या, सदर बाजारातून जात तेव्हा सोनारांच्या दुकानांची शटरं थरथरायची. मी एकदाच पाहायला गेले. छातीत काहीतरी सुटून पडेल असं वाटलं आणि मी गल्लीत मागे सरले. पप्पा वर बसून सिनेमाचं गाणं वाजवत होते. त्यांच्या दोन्ही कानांत खोबरेल तेलात बुडवलेला कापूस होता. तेवढंच संरक्षण. कापूस आई रोज ताजा करून द्यायची, डब्यासोबत, एका छोट्या डबीत.

अशी काही वर्षं गेली. पहिल्यांदा लक्षात आलं ते पंख्यामुळे. हिवाळा होता, आम्ही रजया काढल्या होत्या.

"पंखा कोणं चालू ठेवला वो?" पप्पा म्हणाले.

"पंखा बंदच आहे," आई म्हणाली.

पप्पांनी वर पाहिलं. पंख्याची पाती स्थिर होती. ते उठले, बटनापाशी गेले, बटन खाली-वर करून पाहिलं आणि परत येऊन पडले. त्यानंतर बरेच दिवस ते झोपण्याआधी जाऊन बटन तपासत. मग तेही सोडलं. त्यांच्या कानात तो पंखा चालूच राहिला.

मी हळू बोलते हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून पप्पा मला उत्तर देईनासे झाले तेव्हा मला वाटलं, ते रागावलेत. मी ग्रॅज्युएशन करून एका विमा ऑफिसात लागले होते आणि त्यांना मी बँकेच्या परीक्षा द्यायला हव्या होत्या. बरेच महिने आम्ही दोघं एकमेकांवर नाराज आहोत असं समजून एकाच घरात राहिलो. त्यांना वाटत होतं, पोरगी बोलत नाही. मी बोलत होते.

मग एका साखरपुड्यात ते झालं. तोवर पप्पाही ट्रान्सपोजचं बटन वापरू लागले होते. आधीच्या गाण्याला त्यांनी कीबोर्ड एक सूर वर नेला होता आणि पुढच्या गाण्याला परत आणायला विसरले. असं कुणाचंही होतं. दुसरा वाजवणारा पहिल्याच सुराला दचकून बटन दाबतो, आणि ऐकणाऱ्यांना कळतही नाही. पप्पा पूर्ण गाणं वाजवत राहिले. गायक एका पट्टीत, पप्पा दुसऱ्या. गायकाने दोनदा मागे वळून पाहिलं. तबलजी वाकून बटन दाबायला गेला, तर पप्पांनी त्याच्या हातावर चापट मारली. लोकांना नक्की काय चुकतंय ते कळत नव्हतं, पण ते कपाळाला आठ्या घालून जेवत होते. हे सगळं मला पुढे त्या तबलजीच्या बायकोने सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात, आईकडे न पाहता.

त्यानंतर वाजवणाऱ्या लोकांनी आपसात ठरवलं असावं. ठरवलं म्हणजे बैठक घेतली नसेल. त्यांच्यात गोष्टी अशाच ठरतात. गुरुजींना बोलवायचं. त्यांना कोपऱ्यात मानाने उभं करायचं, हार घालायचा, दुसऱ्यांइतकाच मोबदला द्यायचा. आणि लाइन बंद ठेवायची. ह्यातल्या निम्म्या लोकांना पप्पांनीच सरगम शिकवली होती. साउंडवाला भैयाही लहानपणी आमच्या ओसरीत बसून पेटी शिकला होता. गुरुजींना तोंडावर सांगायचं कुणी? पाया पडणं सोपं होतं.

आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत; मशीन लावा. तिथेच एक मशीन लावून पाहिलं. पप्पांनी खिशातून शाळेत सूर द्यायला वापरायची छोटी शिट्टी काढली, ओठांना लावून फुंकली, आणि लगेच कानातलं काढून टेबलावर ठेवलं.

"हे बेसूर आहे."

डॉक्टर म्हणाले, बोलणं नीट ऐकू येईल, संगीताचं मात्र असंच होतं.

"मंग मले बोलणं काय करायचं आहे?" पप्पा म्हणाले.

रिक्षात बसल्यावर ते आईला म्हणाले, "कानात मशीन घातलेल्याले कोण बोलावीन? घरी बसाव लागन." घरी बसणं ह्या शब्दांवर त्यांचा आवाज बदलला. मशीन आम्ही घेतलं नाही. त्यांना बोलावणी येत राहिली आणि त्यामुळे ते म्हणत, पाहा, लोकायले काही फरक वाटून नाही राहिला. आई खिडकीबाहेर पाही. तिला किती माहीत होतं ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं, आणि रिसेप्शनपासून ते माझ्याजवळच होतं.

रिसेप्शननंतरच्या हिवाळ्यात पप्पांनी बऱ्याच वर्षांनी स्वतःची चाल बांधली. शब्द आईचे होते. ती काही कवयित्री नव्हे. आजीने सांगितलेलं तिने जुळवलं होतं: रेल्वे लायनीच्या कडेला अर्धवट जळलेला कोळसा वेचणाऱ्या, आमच्या आजीसारख्या बायांचं गाणं. विहारातल्या बायका एप्रिलमधल्या जयंतीला ते म्हणणार होत्या. तालीम आमच्या घरी, पेटीवर. पप्पा वाकून पेटीच्या लाकडावर हनुवटी टेकवत आणि तसेच वाजवत. लाकडातून सूर हाडात जातो. तिथे त्यांची एकही चूक होत नसे. बायकांपैकी एक जण किंचित खाली गेली तरी हनुवटी न उचलता बोट वर करत.

"पेटीले पप्पी देऊन राहिले काय भाऊजी?" शेजारच्या काकू म्हणाल्या.

"मले देत नाही, पेटीले तरी देऊ दे," आई म्हणाली, आणि बायका पदर तोंडाशी नेऊन हसल्या. पप्पांना ऐकू गेलं नाही, पण सगळ्या हसतात म्हणून तेही हसले. त्या घरात हसणं बरेच दिवसांनी झालं होतं.

जयंतीच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "पेटीच घ्या ना उद्या." मोठ्याने, दोनदा म्हणाली.

"स्टेजवर पेटी नाही. पेटी पाहिली का लोकं भजन समजते अन् उठून जाते." ही चाल त्यांना नव्या लोकांना ऐकवायची होती. साउंडवाले, गायक, शहरातले सगळे वाजवणारे त्या दिवशी वस्तीत येतात. तरीही आईने पेटी सोबत घेतली. बायकांना मागे खोलीत एकदा म्हणून पाहायचं आहे, असं कारण सांगून.

संध्याकाळ होती, अजून उजेड होता. मंडप भरला होता. साउंड त्याच भैयाचं. बायका निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्यांत स्टेजवर चढल्या, आई मधोमध, माइकसमोर. पेटी मागे, पडद्याला लागून, खोक्यात बंद. पप्पा कीबोर्डमागे. दुसरा कीबोर्डवाला आज नव्हता. फक्त एक ढोलक. मी मिक्सरपाशी गेले. काय म्हणायचं ते येताना रस्ताभर ठरवलं होतं. पप्पांची सरकपट्टी नेहमीच्या सवयीने खालीच होती. भैयाने माझ्याकडे पाहिलं.

"बैठिए दीदी, सब सेट है."

मी बसले.

पप्पांनी दोन्ही हातांनी सूर दिला. मी त्यांच्या बोटांवरून ओळखलं, तोच सूर, तालमीतला. स्पीकरमधून काहीच आलं नाही. त्यांना आला असावा. बोटं पडली की सूर त्यांच्या डोक्यात वाजत असणार, त्या पंख्यासोबत. ढोलक सुरू झाला. पप्पांनी मान हलवली, उचला.

बायका थांबून राहिल्या. कुठून उचलायचं ते त्यांना कळेना. आईने अंदाजाने सुरुवात केली, शेजारच्या काकूंनी तिच्यापेक्षा वर, तिसरीने आणखी कुठून तरी. दुसऱ्याच शब्दाला सगळ्या थांबल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "काकूयचा रिचार्ज संपला." लोक हसले.

पप्पांनी पुन्हा सूर दिला. जोरात, बोटं पांढरी होईपर्यंत दाबून. पुन्हा तसंच झालं. त्यांनी बाजूचा माइक ओढला.

"सूर देऊन राहिलो ना मी. मईनाभर तालीम केली. ऐकू नाही येत काय तुमाले?"

हे त्यांनी सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं आईला विचारलं. या वेळी सगळे हसले नाहीत. पुढच्या रांगेत बसलेले वाजवणारे आपल्या चपलांकडे पाहू लागले. भैयाचा हात मिक्सरवर गेला आणि तिथेच थांबला. आता लाइन उघडली असती तर सगळ्यांना कळलं असतं की ती बंद होती.

आईसमोर माइक होता. तिला एका वाक्यात सांगता आलं असतं. ती खांद्यावरची पिन चाचपत राहिली. मग तिने समोरच्या लोकांना हात जोडले आणि एक पाऊल मागे घेतलं. तिचे शब्द, तिच्या सासूचा कोळसा, सगळं घेऊन ती खाली उतरणार होती. आणि पप्पा घरी जाऊन म्हणणार होते की बायकांनी चाल वाया घालवली. आयुष्यभर म्हणणार होते.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. स्टेजच्या पायऱ्या लाकडी होत्या, हलत होत्या. मी पप्पांच्या कीबोर्डपाशी गेले आणि त्यांच्या कानाशी, माझ्या नेहमीच्या आवाजात, हिंदीत म्हणाले की लाइन बंद है.

"काय?"

मी पुन्हा म्हणाले. त्यांनी कानामागे तळहात धरला. इतक्या जवळून मला त्यांच्या कानात कापसाचा एक तंतू अडकलेला दिसला.

"जोरात बोल बाई. तुझं मले कधी ऐकूच येत नाही."

ही गोष्ट हळू सांगण्याची सोयच नव्हती. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायचं म्हणजे मंडपाला, वस्तीला, त्यांच्या सगळ्या शिष्यांना ऐकू जाणार होतं. आमच्या दोघांच्या मध्ये त्यांनी ओढलेला माइक तसाच उभा होता. मी आईकडे पाहिलं. ती पायरीपाशी थांबली होती. तिने मला नको म्हणून खुणावलं नाही. मी एका हाताने पडद्याजवळची पेटी पुढे ओढली आणि त्यांच्याच बोलीत, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्याने म्हणाले, "पप्पा, तुमचा सूर कोणालेच ऐकू येऊन नाही राहिला. तुमची लाइन बंद आहे. लय दिवसांपासून बंद ठेवतेत. पेटी घ्या."